ससे मोकळे, माणसं बंदोबस्तात

आमच्या घरात गॅलरीला जाळी बसवायची की काचा, हा वाद दोन पावसाळे चालला. अशा घरात पुतणीने बंड्या आणि चिंगी हे दोन ससे आणून "यांना पिंजऱ्यात कोंडायचं नाही, घरभर फिरू द्यायचं" असं जाहीर केलं. विरोध सगळ्यांचाच होता, पण प्रत्येकाचं कारण निराळं, त्यामुळे विरोधकांची एकी होऊ शकली नाही आणि ससे राहिले.

पहिला मुद्दा वायरींचा. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर वर्षाला दहा-बारा सेंटीमीटर, म्हणजे कुरतडणं हा त्याचा रोजचा उद्योग. पण घरात इतकं लाकूड असताना वायरच का? आपल्याकडचा रानससा बिळं खणत नाही, उघड्यावर गवतात दबून बसतो (आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो घरात पाळताही येत नाही). पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीखाली बोगदे करून राहणारे. बोगद्यात मूळ आडवं आलं की ते तोडून वाट मोकळी करायची, हे त्यांच्या रक्तातच असणार. सोफ्यामागे लोंबणारी चार्जरची वायर बंड्याला मुळासारखीच वाटत असावी. ती तो तोडतो तेही किती सफाईने! चघळल्याच्या खुणा नाहीत, चोथा नाही. तिरका एकच काप, आतली तांब्याची तार चकाकतेय आणि बंड्या शेजारी बसून पुढच्या दोन्ही पायांनी तोंड पुसतोय.

इलेक्ट्रिशियनने खालच्या सगळ्या वायरी केसिंग पट्टीत घातल्या, फ्रिजच्या मागची फट फळीने बंद झाली. भिंतीचा प्रश्न सुटला. भाऊजींचा सुटला नाही. मोबाईल काढून घेऊन चार्जर तसाच लोंबता सोडणं ही त्यांची जुनी सवय, आणि सवयीला केसिंग पट्टी मिळत नाही. शेवटी वहिनींनी बोर्डाच्या वर एक खुंटी ठोकली आणि खाली लिहिलं, "चार्जर इथे. नवा आणला जाणार नाही." हा उपाय लागू पडला.

नानांचा झोपाळा हे खरं संकट होतं. दिवाणखान्याच्या मधोमध पितळी कड्यांचा, जाड सागवानी पाटाचा झोपाळा. त्याच्या खालची फरशी घरात सगळ्यात गार, म्हणून चिंगीने नेमकी तीच जागा पसंत केली. मागचे पाय लांब पसरून ती तिथे अशी आडवी होते की डुलकी लागलीय की काय झालंय, कळू नये. सशाची हाडं फार हलकी असतात. पाटाचा एक कोपरा लागला तरी पुरे. झोपाळा काढा, असं नानांना सांगायची हिंमत कोणाची नव्हती. पण ससे आणायला सगळ्यात जास्त विरोध करणारे नानाच आता बसण्याआधी काठीने फरशीवर दोनदा टकटक करतात, वाकून खाली बघतात, "चला, उठा बाई" म्हणतात, आणि ती गेल्यावरच पाटावर टेकतात. उठताना झोपाळा भिंतीच्या आकड्याला अडकवून जातात. आमच्यापैकी कोणासाठी त्यांनी एवढं केल्याचं आठवत नाही.

फरशीचं दुखणं वेगळंच. कुत्र्यामांजराच्या पंजाला असते तशी गादी सशाच्या पायाला नसते, नुसते केस. गुळगुळीत फरशीवर तो घसरतो, पाय फाकतात, कंबर दुखावते. मग आईंनी माळ्यावरच्या जुन्या गोधड्या आणि सतरंज्या काढल्या आणि खोलीतून खोलीत जाणारे रस्ते अंथरले. ससे आता त्या रस्त्यांवरूनच धावतात. आम्ही मात्र कडांना अडखळतो.

औषधांच्या बाबतीत मी कोणाचं ऐकलं नाही. मुंग्यांसाठीची खडूची रेघ, झुरळांची जेल, कोपऱ्यातल्या डांबराच्या गोळ्या, सगळं बाहेर. ससा उलटी करू शकत नाही. पोटात गेलं ते गेलं. मनीप्लांट आणि कोरफड गच्चीवर गेली. तुळस वृंदावनाच्या उंचीमुळे वाचली.

सगळ्यात अवघड धोका म्हणजे प्रेम. आईंच्या हातून पोळीचा तुकडा, पाहुण्यांच्या हातून बिस्कीट, मुलाच्या हातून केळं, आणि प्रत्येकाची समजूत एकच: "मी एवढंसंच दिलं." सशाचं पोट वाळलेल्या गवतावर चालतं. गोडधोड, मैदा वाढला की आतडी मंदावतात, आणि सशाने दहा-बारा तास तोंडाला काही लावलं नाही तर ती धावत डॉक्टरकडे न्यायची वेळ असते. गाजरसुद्धा गोडच, म्हणून चवीपुरतं. यावर तोड अशी काढली: सकाळी एका ताटलीत कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला निवडून ठेवायचा, ज्याला लाड करायचे त्याने त्यातूनच करायचे, ताटली संपली की लाड संपले. आईंना ही पद्धत कंजूषपणाची वाटते. त्यांनी ताटली मोठी घेतली.

आल्यागेल्याला दारातच सूचना मिळते: दार लगेच लावा, पाय उचलून नाही तर सरकवत चाला आणि ससा उचलू नका. शेवटचं कोणालाच पटत नाही. एवढा मऊ गोळा मांडीवर का घेऊ नये? पण ससा उचललं जाणं म्हणजे शिकाऱ्याच्या तावडीत सापडणं असं समजतो, मागचे पाय जोरात झाडतो आणि त्या झटक्यात स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. मुलांना हे लवकर कळलं. ती फरशीवर पालथी पडून राहतात. चिंगी येते, हनुवटी घासून "हे माझं" अशी खूण करून जाते. मोठ्यांना खाली बसायला गुडघे आड येतात.

सध्या नवा विषय पेटलाय. भाऊजींना कंबरेसाठी रिक्लायनर हवाय. पुतणी म्हणते, त्याच्या खालच्या पोकळीत ससा शिरणार, आणि पाठ मागे टाकली की आतले लोखंडी दांडे त्याला चेपणार. तिचं म्हणणं खरं आहे, भाऊजींची कंबरही खरी आहे. दोन्ही बाजू नानांपुढे गेल्या. नानांनी ऐकून घेतलं, काठी आपटली, चिंगी बाजूला झाल्यावर झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, खालून बंद असलेली आरामखुर्ची बघ."