जहाज सुटण्याआधीचे पेनांग

सिंगापूरहून निघणाऱ्या आमच्या क्रूझच्या वेळापत्रकात मलेशियातील पेनांग बेटाच्या नावापुढे आगमन सकाळी ८ आणि प्रस्थान सायंकाळी ६ अशा दोन वेळा छापलेल्या होत्या. वरवर पाहता हे दहा तास होतात. परंतु जहाज धक्क्याला लागल्यावर स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कोणालाही उतरता येत नाही, त्यानंतर इमिग्रेशनची रांग असते, आणि प्रवाशांनी परतण्याची शेवटची वेळ ही जहाज सुटण्याच्या बरीच आधीची असते. आमच्यासाठी ती पाचची होती. मी घरी बसून हिशेब केला तेव्हा हाती जेमतेम सात तास उरत होते, आणि पुढची सगळी आखणी मी त्या सात तासांवरच केली.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते. भारतीय पासपोर्टधारकांना १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. मात्र आगमनाआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते, आणि ते आम्ही भारतातून निघण्यापूर्वीच भरून ठेवले. त्याहून महत्त्वाची गोष्ट सिंगापूरच्या व्हिसाची आहे. क्रूझ संपताना आपण सिंगापुरात पुन्हा प्रवेश करतो, त्यामुळे तो व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे तिकीट काढतानाच तपासावे.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतः फिरावे, हा प्रश्न प्रत्येक बंदराला नव्याने सोडवावा लागतो. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज आपल्या माणसांसाठी थांबते. स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. हा विमा मोलाचा आहे, पण त्याची किंमत पैशांपेक्षा वेळेत अधिक मोजावी लागते, कारण बसभर माणसांना प्रत्येक ठिकाणी एकत्र करण्यातच दिवस सरतो. पेनांगमध्ये आम्ही तो नाकारला याचे कारण भूगोलाचे आहे. स्वेटेनहॅम धक्का थेट जॉर्ज टाउन या पेनांगच्या मुख्य शहराच्या जुन्या वस्तीला लागून आहे आणि जहाज धक्क्यालाच लागते. आमच्या पुढच्या बंदराला, थायलंडमधील फुकेतला, मोठी जहाजे पाटाँग किनाऱ्यासमोर समुद्रातच नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. तो खटाटोप इथे नाही.

दिवसाचा क्रम ठरवताना मी एकच नियम धरला: सर्वांत दूरचे ठिकाण सकाळी पाहायचे आणि मग दिवसभर हळूहळू जहाजाकडे सरकत राहायचे. असे केले की दुपारी काही बिघडले, पाऊस आला किंवा कोणी दमले, तरी आपण धक्क्यापासून चालण्याच्या अंतरावर असतो. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई सोबत असल्यामुळे ही काळजी मला अनावश्यक वाटली नाही.

दूरचे ठिकाण म्हणजे पेनांग हिल. धक्क्याच्या फाटकाबाहेर टॅक्सीवाले दिवसभराचे दर सांगत उभे असतात. आम्ही थोडे पुढे चालत जाऊन ग्रॅब ॲपवरून गाडी बोलावली आणि आयर इतामजवळील पायथ्याच्या स्थानकावर पोहोचलो. तिथून रुळांवरून दोराने ओढली जाणारी फ्युनिक्युलर गाडी काही मिनिटांत थेट वर नेते. ही रेल्वे १९२३ पासून चालू आहे, तिचे सध्याचे डबे मात्र २०११ चे आहेत. सुमारे ७०० मीटर उंचीवर खालचा दमटपणा एकदम ओसरतो. इंग्रजांनी इथे हवा खायला येण्यास अठराव्या शतकाच्या अखेरीसच सुरुवात केली होती, म्हणजे आपले महाबळेश्वर आणि माथेरान त्यांच्या दृष्टीने नंतरचे. वर एक मुरुगनचे (कार्तिकेयाचे) मंदिर आणि एक मशीद जवळजवळ आहेत. आम्ही तिथे तासभर थांबलो, खाली पसरलेले शहर आणि मुख्य भूमीकडे जाणारा पूल पाहिला आणि गर्दी वाढण्यापूर्वी उतरलो. पायथ्याच्या बाजूलाच केक लोक सी हे प्रचंड बौद्ध मंदिर आहे. ते मी जाणूनबुजून वगळले. तिथे पायऱ्या पुष्कळ आहेत, आणि धावतपळत उरकण्याजोगी ती जागा नव्हे.

शहरात परतल्यावर गाडी सोडून दिली आणि उरलेला दिवस पायी काढला. फ्रान्सिस लाइटने १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे बेट घेतले आणि तिसऱ्या जॉर्ज राजाचे नाव शहराला दिले. २००८ पासून मलाक्कासह हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जुन्या पिट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या जालान मस्जिद कपितान केलिंगवर आणि त्याच्या आजूबाजूला, थोड्याच अंतरात सेंट जॉर्ज चर्च, चिनी लोकांचे क्वान यिन मंदिर, श्री महामारिअम्मन मंदिर आणि तमिळ मुसलमानांची कपितान केलिंग मशीद एकापाठोपाठ येतात. १८१८ साली पूर्ण झालेले ते चर्च हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांच्या श्रमातून उभे राहिले, हे माहीत असल्यावर त्याचे पांढरेशुभ्र खांब पाहताना मन थोडे वेगळे होते. १८३३ सालचे मारिअम्मन मंदिर दुपारी बंद होते, म्हणून गोपुर बाहेरूनच पाहिले. सासूबाईंनी चप्पल काढून उंबऱ्याशी नमस्कार केला आणि म्हणाल्या, “दार बंद असलं तरी देवी घरातच आहे ना!”

उष्ण कटिबंधातील भर दुपारी पायी फिरणे हा वेडेपणा वाटेल, पण या शहराची बांधणीच त्याची सोय करते. खाली दुकान आणि वर घर अशा दुकानघरांच्या दर्शनी भागात सलग छताखालची, साधारण पाच फूट रुंदीची पडवी सोडलेली असते आणि तिच्यातून ऊन-पाऊस चुकवत बरेच अंतर कापता येते. मधूनमधून तिथे मोटारसायकली लावून वाट अडवलेली असते, तेवढी तक्रार मात्र आहे. शिवाय शहराच्या मध्यभागात एक मोफत बस फिरते. पाय दुखू लागल्यावर तिचा चांगला उपयोग झाला.

या सगळ्यात मला सर्वाधिक वेळ द्यावासा वाटला तो खू कोंग्सीला. एका चिनी कुळाचे हे सभागृह आणि पूर्वजांचे मंदिर आहे. फूकियन प्रांतातून आलेल्या खू मंडळींनी आधी बांधलेली वास्तू १९०१ साली आगीत गेली. सम्राटाच्या महालाशी बरोबरी केल्याची ती शिक्षा होती असे लोक सांगतात, म्हणून १९०६ साली उभी राहिलेली आजची इमारत आवरती घेतली म्हणे. आवरती घेतलेली वास्तू अशी असेल, तर आधीची कशी असेल हा विचार छतावरील चिनी मातीची नक्षी आणि सोनेरी लाकूडकाम पाहताना सुटत नाही. नवख्या ठिकाणी आलेल्या माणसांना एकाच कुळाच्या आधाराने कर्ज, काम आणि अंत्यसंस्कारसुद्धा कसे मिळत, हे आतील फलकांवरून नीट समजते. भित्तिचित्रांसमोर फोटोसाठी रांग लावणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण आर्मेनियन स्ट्रीटवरील सायकलवरच्या मुलांच्या चित्रापाशी जाणारा वेळ मी इथे घालवला.

जेवणासाठी लिटल इंडिया जवळच आहे, तिथे केळीच्या पानावर शाकाहारी जेवण मिळते आणि सासूबाईंचा प्रश्न सुटला. मी आणि पतीने मात्र आसाम लाक्सा खाल्ला. चिंचेच्या आंबट रश्श्यात तांदळाच्या जाड शेवया आणि मासा असतो, आणि तो मासा म्हणजे बहुधा आपला बांगडाच! कोकणातल्या माणसाला हे ताट परके वाटणार नाही. वरून घातलेली आंबवलेल्या कोळंबीची काळी चटणी तेवढी सवयीने आवडते. पेनांग रोडलगतच्या गल्लीत नारळाचे दूध, ताडगूळ आणि हिरव्या शेवयांचा बर्फाळ चेंडोल मिळतो, तो उभ्या उभ्याच खावा लागतो. जायफळाचे सरबतही पेनांगचेच. श्रीखंडात चिमूटभर पडणाऱ्या जायफळाच्या फळाचा असा पेलाभर उपयोग मी प्रथमच पाहिला.

शेवटचा टप्पा च्यू जेट्टीचा होता, कारण तिथून धक्का चालत गाठता येतो. पाण्यात खांब रोवून त्यांवर बांधलेली ही घरे च्यू कुळाची आहेत आणि तिथे आजही माणसे राहतात; त्यामुळे उघड्या दारांतून आत डोकावणे टाळावे. अर्ध्या तासात ते पाहून आम्ही व्हिक्टोरिया राणीच्या मनोऱ्यावरून परतलो. तिच्या राज्याच्या साठ वर्षांसाठी साठ फूट उंच बांधलेला हा घड्याळाचा मनोरा दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकीमुळे किंचित कललेला आहे.

चारच्या सुमारास, म्हणजे शेवटच्या वेळेच्या तासभर आधी, आम्ही रांगेत होतो. हा तास मी वाया गेलेला मानत नाही, कारण त्या वेळी सगळ्यांनाच परतायचे असते आणि सामानाची तपासणी विमानतळासारखीच होते. ताजी फळे जहाजावर नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातील सुके जायफळ चालले. रात्री केबिनमध्ये फुकेतचे पत्रक आले. थायलंडचे घड्याळ एक तास मागे असते आणि फोन आपोआप तिथली वेळ दाखवू लागतो, जहाज मात्र स्वतःच्याच वेळेने चालत होते. म्हणून मी पतीचे साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून दुसऱ्या दिवसाच्या पिशवीत ठेवले.