मियामीचं हॉटेल बुडालं, मॅच विला-रियालला पाहिली

एका देशाची फुटबॉलची लीग मॅच दुसऱ्या देशात होणार अशी घोषणा झाली, की लगेच बुकिंग करायचं नाही. मी केलं. विमान काढलं, हॉटेल काढलं, आणि हॉटेल तर पैसे परत न मिळणारं, कारण तीन रात्रींत ६० डॉलर वाचत होते. मॅचचं तिकीट मात्र हातात नव्हतं. अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

मॅच होती स्पेनच्या लीगमधली, विलारियाल क्लब विरुद्ध बार्सिलोना, २० डिसेंबर २०२५, मियामीचं हार्ड रॉक स्टेडियम. मी न्यू जर्सीत राहतो, म्हणजे तीन तासांचं विमान. ६ ऑक्टोबरला युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेने, परवानगी दिली आणि मला वाटलं, ठरलं. परवानगी नाइलाजाने देत असल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, तेवढं मी वाचलं आणि सोडून दिलं. पुढे एका वीकेंडला स्पेनच्या लीगमधल्या प्रत्येक मॅचला खेळाडू निषेध म्हणून सुरुवातीचे १५ सेकंद जागेवरून हललेच नाहीत. टीव्हीवर तेवढा वेळ स्टेडियम बाहेरून दाखवत होते. मी आपला रिमोट आपटत बसलो. २१ ऑक्टोबरला सगळंच रद्द झालं. विलारियाल त्या रात्री मँचेस्टर सिटीशी खेळत होते, आणि मॅच चालू असतानाच ही बातमी आली.

हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये ह्याच मैदानावर जिरोना–बार्सिलोना ठरली होती, तीही बारगळली. एवढं शोधायला दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं स्वस्त हॉटेल शोधण्यात घालवली.

विमानाचं क्रेडिट मिळालं, हॉटेलने हात वर केले. रजा मंजूर होती, युरोपसाठीचा शेंगेन व्हिसा उन्हाळ्यातला शिल्लक होता. मग म्हटलं, जायचंच तर जिथली मॅच तिथेच जाऊन बघू. (व्हिसा हातात नसेल तर हा उद्योग दोन महिन्यांत जमेलच असं धरून चालू नका.)

स्पेनच्या लीगचा वार आणि वेळ बऱ्याच उशिरा पक्की होते. मियामीत शनिवारी होती ती मॅच विलारियाल क्लबच्या गावी, विला-रियालला, रविवारी, २१ तारखेला ठेवली. म्हणून मॅचच्या आधी एक आणि नंतर एक दिवस मोकळा ठेवूनच विमान काढा. तिकीट क्लबच्या साइटवर वेळेत बघा. मी आळस केला आणि पुनर्विक्रीच्या एका साइटवर १९० युरो मोजले. त्यातले ३८ 'सेवाशुल्क' म्हणून शेवटच्या पानावर उगवले. सेवा कसली, तर पीडीएफ पाठवली.

वालेन्सिया या जवळच्या मोठ्या शहरात चार दिवस राहिलो. छान गेले.

विला-रियाल म्हणजे पन्नासेक हजार वस्तीचं गाव. टाइल्सचे कारखाने हेच इथलं पोट, म्हणून स्टेडियमचं नावही 'सेरामिका'. क्षमता २३,०००च्या आसपास. अर्धं गाव आत मावतं म्हणा ना. मैदान घरांच्या मधोमध आहे आणि गॅलऱ्या इतक्या उभ्या चढाच्या, की कॉर्नर घेणाऱ्याच्या बुटाची नाडी सुटलेली दिसावी. ६५,००० खुर्च्यांच्या अमेरिकन स्टेडियमात हे मिळालं नसतं. आत बिअर मिळते ती बिनअल्कोहोलची, त्यामुळे काय उरकायचं ते बाहेर उरकून जा. आजूबाजूचे सगळे सूर्यफुलाच्या बिया फोडत बसतात, दुसऱ्या हाफपर्यंत पायाखाली टरफलांचा सडा. शेजारच्या सीझन तिकीटवाल्या आजोबांना मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, की मी खरं तर मियामीला जाणार होतो. त्यांनी मुठीतल्या अर्ध्या बिया माझ्या हातावर ठेवल्या.

मॅच बार्सिलोनाने २-० अशी मारली. राफिन्याची पेनल्टी सुरुवातीलाच, मग पहिल्या हाफमध्येच विलारियालच्या रेनातो व्हेगाला लाल कार्ड, दुसऱ्या हाफमध्ये यमालचा गोल. दहा जणांनी झुंज दिली, पण खरं सांगायचं तर निकाल मध्यंतरालाच लागला होता. घरच्या लोकांत बसला असाल तर पाहुण्यांचा शर्ट घालू नका आणि गोलला उडी मारू नका. मी अर्धी मारली.

आता मुख्य गोष्ट, परतीची. जाताना वालेन्सिया नोर्द स्टेशनहून सी-६ लोकलने आरामात गेलो, तासाभराचा प्रवास. 'अर्ध्या-अर्ध्या तासाला गाडी आहे' असं एकाने छातीठोक सांगितलं होतं. असेल, कामाच्या दिवशी. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं आणि ते मी फलाटावर पोचल्यावर वाचलं. अख्खा फलाट माणसांनी गच्च, त्यात सूर्य बुडाल्यावरची ती बोचरी थंडी, आणि अंगात माझ्या मियामीच्या हिशेबाने घेतलेलं पातळ जाकीट. बाहेर येऊन टॅक्सी विचारली तर साहेबांनी मीटरकडे न बघता १५० युरो सांगितले. ६० किलोमीटरचे! नाही म्हटलं, तर खांदे उडवून पुढच्याकडे वळले. पुन्हा फलाट. पहिल्या गाडीत पायही ठेवता आला नाही. दुसरीत शिरलो ते एका पायावर, वालेन्सियापर्यंत दाराला चिकटून. खोलीवर पोचलो तेव्हा जेवायचीही ताकद नव्हती.

माझ्या मागून जाणाऱ्यांनी मॅचच्या रात्री वालेन्सियाला मुक्काम करूच नये. विला-रियालच्या पुढे काही मिनिटांवर कास्तेयो हे शहर आहे, त्या रात्री तिथे खोली घ्या. मी कुडकुडत उभा असताना त्या दिशेची गाडी समोरून गेली, निम्मी रिकामी. वालेन्सियालाच परतायचं असेल तर तासभर गावातच थांबा, बारमध्ये बसा, गर्दी ओसरू द्या. शिट्टी वाजल्या वाजल्या स्टेशनकडे धावणाऱ्यांत मी पुढे होतो, काहीही फायदा झाला नाही.

इटलीच्या लीगची मिलान–कोमो मॅचही अशीच फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात, पर्थला ठरली होती आणि मेलबर्नचा मित्र तिच्यासाठी विमान बघत होता. फलाटावरूनच त्याला मेसेज टाकला, 'थांब.' दुसऱ्याच दिवशी, २२ डिसेंबरला, तीही मॅच रद्द झाली.

मियामीसाठी घेतलेली ती पारदर्शक पिशवी अजून कोरी आहे. तिथल्या स्टेडियमात छोटा बटवा सोडला तर दुसरी बॅग नेऊ देत नाहीत. कोणाला हवी असेल तर सांगा.