हर्क्युलिसचा मागचा हात

जुन्या माउंटमधून (मागच्या पुठ्ठ्यातून) सोडवलेला एका कोरीव चित्राचा ठसा सकाळी टेबलावर आला. सोबतच्या कार्डावर एवढंच: ‘थकलेला हर्क्युलिस, पाठीकडून. गोल्ट्सियस, 1617. बहुधा नक्कल.’

गोल्ट्सियस म्हणजे तांब्याच्या प्लेटवर कोरून चित्रं छापणारा डच कलाकार; हे चित्र ग्रीक कथांमधल्या हर्क्युलिस या वीराच्या रोममधल्या एका प्राचीन पुतळ्याचं. नकलेचा संशय मापामुळे. साधारण 42 बाय 30 सेंटिमीटरच्या या चित्राचा प्लेटमार्क, म्हणजे प्लेटच्या कडेचा कागदावर उमटलेला दाब, 3 मिलिमीटरने कमी भरत होता. त्यावरून काहीच ठरत नाही. कागद ओलावून छापतात, वाळताना तो आखडतो, आणि प्रत्येक कागद सारखा आखडत नाही. मी आधी हात बघते. मूळ शिल्पात सफरचंदं पाठीमागे धरलेल्या उजव्या हातात आहेत. नकल्याने मूळ ठसा जसाच्या तसा तांब्यावर उतरवला, तर छापताना ती डाव्या हातात जातात. इथे उजव्याच हातात होती. पण हुशार नकल्या आधीच उलटं कोरतो. म्हणून दहापट भिंग. खांद्यावरची रेघ केसासारखी सुरू होते, मध्ये फुगते, पुन्हा निमुळती होते. ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, जितका खोल जाईल तितकी रेघ रुंद. नकलेत ही फूग अडखळते. इथे एका दमात होती, आणि छेदणाऱ्या रेघांमधल्या चौकटींत ठिपकेही शाबूत. प्लेट झिजली की आधी तेच जातात.

कार्डावरच्या 1617 या सालाचा घोळ चित्राखालच्या लॅटिन मजकुरातच सुटतो: ही मरणोत्तर कृती, 1617 मध्ये प्रथम प्रसिद्ध. गोल्ट्सियस त्याच वर्षाच्या सुरुवातीला हार्लेममध्ये वारला. प्लेट मात्र रोमहून परतल्यावरची, 1592च्या सुमाराची. कार्डावर दोन्ही सालं हवीत.

खटकला तो कार्डावरचा ‘थकलेला’ हा शब्द. त्या काळी रोमच्या फार्नेझे राजवाड्यात असलेल्या त्या पुतळ्यासमोर उभं राहिलं तर गदेवर रेललेला, मान खाली घातलेला माणूसच दिसतो. गदेवर सिंहाचं कातडं, म्हणजे हर्क्युलिसच्या बारा साहसांपैकी पहिलं. हेस्पेरिडीस या अप्सरांच्या बागेतली सफरचंदं अकराव्या साहसाची, आणि ती फक्त मागून दिसतात. चित्रात उजवीकडे खाली दोन माणसं माना वर करून बघतायत. ती समोरच्या बाजूला आहेत, त्यांना सफरचंदं दिसणं शक्यच नाही. मजकुराची पहिली ओळही ‘विजयी हर्क्युलिस’ अशीच आहे. त्या काळी तीन सफरचंदांचा अर्थ क्रोध, लोभ आणि भोगावर मिळवलेला ताबा असा लावत.

नवं कार्ड लिहिलं. आणखी एक नोंद राहिलीच होती: या पोटऱ्या प्राचीन नाहीत. पुतळा 1546 मध्ये रोममधल्या सम्राट काराकल्लाच्या स्नानगृहांत सापडला तेव्हा पाय गायब होते. गोल्ट्सियसने पाहिले ते शिल्पकार गुल्येल्मो देल्ला पोर्ताने घडवलेले. ती ओळ कार्डाच्या मागच्या बाजूला गेली.