स्पायरोमेट्रीचा फॉर्म आणि व्हेपची नोंद

सिगारेट सोडून व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आलेल्या माणसाला सकाळचा खोकला, जिना चढताना छातीत घरघर आणि मधूनच छाती आवळल्यासारखं वाटणं हे काही नवीन नसतं. माझंही तेच झालं, म्हणून डॉक्टरांनी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजणारी तपासणी सांगितली. तपासणी सोपी आहे. अडकलो ते तपासणीआधीच्या फॉर्मवर, आणि त्या फॉर्मचा राग अजून आहे.

रकाना एकच होता. धूम्रपान : हो, नाही, पूर्वी. 'हो' म्हटलं की रोज किती सिगारेट किंवा विड्या आणि किती वर्षं. मी काउंटरवर व्हेप सांगितलं. "सिगारेट आता बंद आहे ना? मग 'पूर्वी' करते," असं उत्तर आलं. पॅक-इयरचा आकडा भरल्याशिवाय कॉम्प्युटर 'हो' पुढे सरकू देत नव्हता. रोज वीस सिगारेटचं एक पाकीट वर्षभर ओढलं की एक पॅक-इयर. व्हेपसाठी असं सर्वमान्य माप नाही. माप नाही म्हणून रकाना नाही, आणि रकाना नाही म्हणून नोंद नाही! रिपोर्टवर छापून आलं 'एक्स-स्मोकर'. म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार, या माणसाची फुप्फुसं आता विश्रांती घेताहेत.

ही किरकोळ चूक नाही. व्हेपमधल्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वादाची रसायनं असतात. आतली कॉइल, म्हणजे द्रवाची वाफ करणारी तार तापली की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अॅक्रोलिन तयार होतं, आणि दोन्ही श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला झोंबतात. अमेरिकेत २०१३ पासून त्याच प्रौढांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारणारी 'पाथ' ही मोठी पाहणी चालू आहे. सिगारेटचा परिणाम हिशेबातून वेगळा काढल्यावरही व्हेप ओढणाऱ्यांत श्वसनाच्या तक्रारी जास्त, असं तिच्या आकडेवारीतून दिसलं आहे. बरं, स्पायरोमेट्री नॉर्मल आली म्हणून सुटका होत नाही. बारीक श्वासनलिकांतली सुरुवातीची खराबी या तपासणीत निसटू शकते. अशा वेळी डॉक्टरांच्या हाती उरते ती रुग्णाची माहिती. तीच चुकली तर खोकला अॅलर्जीच्या खात्यावर जातो आणि व्हेप चालूच राहतं.

याहून गंभीर उदाहरण २०१९ मधलं आहे. अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसांना तीव्र इजा झालेल्यांची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यातला मोठा भाग गांजाच्या अर्काने भरलेल्या व्हेपच्या कार्ट्रिजचा आणि त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटचा होता. या आजाराच्या व्याख्येतली पहिलीच अट अशी : लक्षणं सुरू होण्याआधीच्या ९० दिवसांत व्हेप ओढलेलं असणं. हे विचारलंच नाही, तर निदानाचं दारच उघडत नाही.

शेवटी मार्ग निघाला तो टेक्निशियनकडून. रिपोर्टच्या खाली शेऱ्याची मोकळी जागा असते, तिथे ते हाताने लिहू शकतात. 'सध्या व्हेप चालू' असं तिथे लिहून घेतलं आणि सोबत माझी चिठ्ठी जोडली. चिठ्ठीत एवढं असावं : साधन फेकून द्यायचं की भरून वापरायचं, आठवड्याला किती मिलिलिटर, निकोटीन किती (लेबलवर ५% म्हणजे मिलिलिटरला साधारण ५० मिलिग्रॅम), कधीपासून, शेवटचा झुरका कधी, सोबत सिगारेट किंवा गांजा चालू आहे का. शेवटचं लपवू नका. व्हेप आणि सिगारेट दोन्ही ओढणाऱ्यांना धोका जास्त असतो.

कायद्याच्या भीतीनेही अनेकजण गप्प राहतात. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात बंद केली आहे. डॉक्टरला खरं सांगणं हा त्यात गुन्हा नाही.

तपासणीचं थोडक्यात. किमान एक तास आधी व्हेप किंवा सिगारेट नको, भरपेट जेवण नको, कपडे सैल हवेत. चालू इन्हेलर किती तास आधी थांबवायचा ते डॉक्टरांना विचारा. साध्या सालब्युटॅमॉलला (श्वासनलिका लगेच मोकळ्या करणारं औषध) ४ ते ६ तास पुरतात, लांब टिकणाऱ्यांना एक दिवस किंवा जास्त. नाकाला चिमटा लावतात. छाती पूर्ण भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात जोर लावून सोडायचा, टेक्निशियन थांबा म्हणेपर्यंत. पहिल्या सेकंदात खोकला आला तर ती फुंकर बाद होते, म्हणून आधी कोमट पाणी पिऊन घसा मोकळा करा. निदान तीन चांगल्या फुंकरी लागतात. मग सालब्युटॅमॉलचे चार फवारे, पंधरा मिनिटं थांबणं आणि पुन्हा फुंकर. हात थरथरले किंवा धडधडलं तर घाबरू नका, ते औषधामुळे होतं. औषधानंतरही एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकरीतली एकूण हवा) यांचं गुणोत्तर ०.७० च्या खाली असेल तर श्वासनलिका आकसलेल्या आहेत.

ताप, वाढता दम आणि सोबत उलट्या असतील तर ही तपासणी बाजूला ठेवा, थेट इमर्जन्सीत जा आणि तिथे पहिल्या वाक्यात व्हेप सांगा. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन मोफत आहे.

आणि रिपोर्ट हातात घेतल्यावर काउंटर सोडण्याआधी वय आणि उंचीसोबत धूम्रपानाची ओळही वाचा. अपेक्षित आकडे वय-उंचीवरून काढतात. दुरुस्ती तिथल्या तिथे करून, सहीसकट घ्या. पुढचे डॉक्टर फक्त तो छापील कागद पाहतात.