सीरानो आणि आमचा ऑफ तास

आठवीत संस्कृत सोडून फ्रेंच घेणारे आम्ही मोजकेच. स्वतंत्र वर्ग नव्हता. प्रयोगशाळेला लागून असलेल्या खोलीत बसायचो, त्यामुळे आमचं फ्रेंच गंधकाच्या वासातच पक्कं झालं. ऑफ तास मिळाला की बाई पाठ्यपुस्तक मिटायला लावायच्या आणि फ्रेंच नाटककार एदमों रोस्ताँचं 'सीरानो द बर्जराक' हे नाटक काढायच्या. चार ओळी फ्रेंचमध्ये म्हणायच्या आणि लगेच मराठीत सांगायच्या.

नाटक 1897 चं, पण त्यातला काळ सतराव्या शतकातला. नायक सीरानो, भल्यामोठ्या नाकाचा कवी आणि तलवारबाज. सीरानो नावाचा लेखक खरोखरच होऊन गेला. 1619 साली जन्मला, 1655 साली वारला. पात्रं बोलता बोलता ग्रीक पुराणातली, इतिहासातली नावं टाकून जातात. असं नाव आलं की बाई थांबायच्या. "हा कोण? शोधून या, मग पुढे." ग्रंथालयातल्या ज्ञानकोशाला आमच्याइतका त्रास कुणी दिला नसेल.

पहिल्या अंकात नाटकाला आलेला एक गृहस्थ मुलाला फ्रेंच अकादमीचे, म्हणजे फ्रेंच भाषेच्या मानाच्या संस्थेचे, सदस्य दाखवतो. बुदू, ब्वासा, पोर्शेर, कोलोंबी... आणि वर म्हणतो, यातलं एकही नाव मरायचं नाही! आम्ही ज्ञानकोश पालथा घातला. एकही सापडला नाही. बाई खुर्चीत बसून हसत होत्या. पुढे कित्येक दिवस पीटीच्या रांगेत आम्ही एकमेकांना बुदू आणि पोर्शेर म्हणत होतो, आणि पीटीच्या सरांना ती शिवी वाटायची.

सीरानोचं स्वतःच्या नाकावरचं लांबलचक भाषण प्रसिद्ध आहे. त्याच्या शेवटी तो कवी तेओफिल द व्हियोच्या 'पिराम आणि थिस्बे' या नाटकातल्या ओळींचं विडंबन करतो. मूळ ओळींत धन्याच्या रक्ताने माखलेला खंजीर लाजेने लाल झालेला असतो. इथे नाक लाल होतं. नाकावरून टोमणा मारायला आलेल्या उमरावाला तो दाखवतो, टोमणा मारायचा तर असा मारावा, आणि त्यासाठीही थोडं वाचलेलं असावं लागतं.

द गीश हा बडा उमराव त्याला डॉन क्विक्झोटची, म्हणजे राक्षस समजून पवनचक्क्यांवर धावून जाणाऱ्या कादंबरीतल्या सरदाराची, आठवण करून देतो: पवनचक्कीच्या पात्यांशी भिडलास तर चिखलात फेकला जाशील. सीरानोचं उत्तर, "किंवा ताऱ्यांत!" दुसऱ्याने धमकीसाठी काढलेला दाखला तो तिथल्या तिथे आपल्या बाजूला वळवतो. हे आम्ही पुढे वादविवाद स्पर्धेत भरपूर वापरलं.

मला मात्र सगळ्यांत आवडतो तो चौथ्या अंकातला पेनेलोपीचा उल्लेख. आरास शहराचा वेढा, 1640. सैनिक उपाशी. रोक्सान गाडीत बसून स्पॅनिश फौजेतून थेट छावणीत येते आणि आपल्या नवऱ्याला, क्रिस्तियाँला म्हणते, युलिसिसने तुझ्यासारखी पत्रं लिहिली असती तर पेनेलोपी घरी भरतकाम करत बसली नसती, लोकरीचे गुंडे भिरकावून हेलनसारखी वेडी होऊन निघाली असती. युलिसिसची वाट पाहणारी पतिव्रता आणि ट्रॉयच्या युद्धाला कारण झालेली हेलन, दोघी एकाच वाक्यात! आणि क्रिस्तियाँच्या नावाने ती पत्रं लिहिणारा, मनातून तिच्यावरच प्रेम करणारा सीरानो त्याच छावणीत. बाई इथे काही समजावत नसत, फक्त पान उलटायला वेळ घेत.

रोस्ताँने काळाची मोडतोडही केली आहे. शेवटचा अंक 1655 मधला, पण त्यात नाटककार मोलियेरच्या 'स्कापाँ' या विनोदी नाटकाची बातमी येते, जे रंगभूमीवर आलं 1671 साली. मोलियेरने त्यातला एक प्रवेश खऱ्या सीरानोच्या नाटकावरून घेतला होता हे खरं. रोस्ताँने तेवढं उचललं आणि मरणाऱ्या माणसाला विचारायला लावलं, लोक हसले का? हसले म्हटल्यावर त्याला पुरतं. वर्गातल्या एका चिकित्सकाने या सालांच्या घोळावर बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, "इतिहासाच्या पेपरात चूक. इथे नाही."

मरताना तो म्हणतो, चंद्रावर सॉक्रेटिस आणि गॅलिलिओ भेटतील. बाईंना ही दोन नावं जड वाटायची. मला अजूनही वाटत नाहीत. खऱ्या सीरानोने चंद्रावरच्या प्रवासाची कथा लिहिली होती, ती छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर, 1657 साली. तिथे त्याने सोबतीला आणखी कुणाला बोलवायचं होतं? त्या अकादमीवाल्यांना?