पेडल नाही, तारा बदला

आमच्या ऑर्केस्ट्रात मी बेस गिटार वाजवतो; साठ-सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी जास्त. गणपतीत आणि लग्नसराईत मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या पट्ट्यात वाजवतो. कार्यक्रम संपला की एखादा पोरगा स्टेजमागे येतोच: "दादा, तुमच्या बेसचो आवाज असो गोल कसो येता? पेडल खयचा वापरतास?" पेडल, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलायची डबी, नाही रे बाबा. फ्लॅटवाउंड तारा आहेत, एवढंच. दर वेळी उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

दुकानातून बेस घरी आणलात की त्यावर बहुतेक वेळा राउंडवाउंड तारा असतात. गाभ्याच्या तारेवर दुसरी गोल तार गुंडाळलेली, म्हणून बोटाला चर लागतात. नव्या असताना आवाज झणझणीत येतो आणि बोट सरकलं की करकर ऐकू येते. फ्लॅटवाउंडवर गोल तारेऐवजी धातूची चपटी पट्टी गुंडाळतात. हात फिरवला तर गुळगुळीत. सूर ठसक्यात उमटतो आणि लवकर विरतो, त्यामुळे ढोलकीला, ड्रमच्या किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) मधे जागा मिळते. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने 1951 मध्ये प्रिसिजन नावाचा बेस आणला तो याच जातीच्या तारांवर. राउंडवाउंडचा जमाना पुढचा. रोटोसाउंड या तारांच्या कंपनीने 1966 मध्ये द हू बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल याला हाताशी धरून त्या तारा घडवल्या आणि बेस एकदम चकचकीत झाला. म्हणजे जुन्या रेकॉर्डवरचा जो आवाज आपण शोधतो, तो बऱ्याचदा त्याच्या आधीच्या सवयीचा असतो.

या आवाजाचा बादशहा म्हणजे मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन. 1962 चा प्रिसिजन, त्यावर ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅटवाउंड, ब्रिजच्या (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या पट्टीच्या) झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. तार तुटल्याशिवाय तो बदलत नसे. मी त्यातला फोम तेवढा उचलला आहे. भांडी घासायच्या स्पंजची बोटभर पट्टी कापायची आणि ब्रिजला लागून तारांखाली सरकवायची. तार वर ढकलली जाता कामा नये, नुसती टेकली पाहिजे. टोन नॉब, म्हणजे आवाजाचा उजळपणा कमी-जास्त करायचं बटण, अर्ध्यावर. बाकीचं काम बोटाचं.

आता आपल्याकडची गोष्ट. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा सल्ला दुप्पट लागू पडतो. राउंडवाउंडच्या चरांत घाम बसतो, त्यावर खारा वारा, त्यावर पावसाळा. जूनमध्ये चढवलेला सेट चतुर्थीपर्यंत तपकिरी होतो आणि वाजवून झाल्यावर बोटांना लोखंडाचा वास येतो. मग लोक तारा पाण्यात उकळतात. मळ निघतो, थोडे दिवस झणझणही परत येते, पण गंज काही जात नाही. फ्लॅटवाउंडला चरच नसल्यामुळे मीठ साठायला जागा कमी. गंजत नाहीत असं नव्हे; वाजवून झालं की सुती फडक्याने तारेची खालची बाजूही पुसायची, ती सगळे विसरतात. शिवाय या तारा जुन्या झाल्या की बिघडत नाहीत, मुरतात. किंमत राउंडवाउंडच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त. पण वर्षानुवर्षं चालतात, त्यामुळे हिशेबाने स्वस्तच.

घेताना ब्रँडच्या आधी ताण बघा, म्हणजे तार दाबायला किती जड आहे ते. जेमरसनछाप ला बेलाचा सेट 52 ते 110 चा, म्हणजे सगळ्यात जाड तार इंचाच्या हजारात 110 भाग, जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर. डावा हात मजबूत नसेल तर दुसऱ्याच गाण्यात कळेल. नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) तासावा लागतो, ट्रस रॉडही (मानेच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) थोडा आवळावा लागतो. थोमास्टिकच्या जॅझ फ्लॅट्स 43 ते 100 च्या, ताण इतका कमी की तार हाताखाली डुलते; आवाज सुरेल, पण जोरात वाजवणाऱ्याचं त्यांच्याशी पटत नाही. डॅडारिओच्या क्रोम्स 45 ते 100 च्या, नव्या असताना फ्लॅट्सच्या मानाने बऱ्याच उजळ. पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी क्रोम्सच सांगतो, कारण राउंडवाउंडवरून आल्यावर हात आणि कान दोन्ही बिथरत नाहीत.

स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून, वाजवायचं असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. नाचाची नवीन गाणी लागली की आमचा कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस सांभाळतो आणि मी मागे जाऊन चहा पितो. त्या आवाजाला या तारा पुऱ्या पडत नाहीत, आणि नॉब फिरवून पडतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

तार चढवताना एक जपा. जास्तीची लांबी कापण्याआधी, कापायच्या जागेच्या अलीकडे पक्कडीने तार काटकोनात मोडून घ्या, मग कापा. थेट कापलीत तर वरची चपटी पट्टी गाभ्यावरून सैल होते आणि नवीकोरी तार मेल्यासारखी वाजते. आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नवा सेट चढवू नका. तारा ताणून बसेपर्यंत सूर उतरत राहतो, आणि गायक मागे वळून तुमच्याकडेच बघतो.