बत्तीस पानी पुस्तकं आणि माझा फसलेला तक्ता

तीन वर्षांपूर्वी मी वर्गात पहिल्यांदा वाचनाचं चॅलेंज लावलं तेव्हा मला वाटलं होतं की आपण काहीतरी फार भारी करतोय. सहावीचा वर्ग, मागच्या भिंतीवर मोठ्ठा तक्ता, प्रत्येकाचं नाव, नावापुढे वीस रिकामे गोल, एक पुस्तक वाचलं की एक चमकीचा स्टार, आणि सत्र संपेपर्यंत ज्याचे वीस होतील त्याला बक्षीस. नियम एकच, पुस्तक पूर्ण वाचायचं. बास.

पहिला आठवडा तर विचारूच नका. मधल्या सुट्टीतपण पोरं पुस्तकं घेऊन बसलेली, मी स्टाफरूममध्ये जाऊन मिरवून आले. नव्याचे नऊ दिवस असतात हे काय मला माहीत नव्हतं का, पण आपल्या बाबतीत दहावा दिवस येणार नाही असं वाटतंच ना.

मग हळूहळू दिसायला लागलं की वर्गातल्या पेटीतली सगळी जाड पुस्तकं जागच्या जागी पडून आहेत आणि बत्तीस पानी पुस्तकांसाठी मारामारी चाललीये. मोठा टाईप, एक पान सोडून चित्र, बत्तीस पानं की संपलं. एका पठ्ठ्याने एका ऑफ तासाला तीन पुस्तकं 'संपवली' आणि स्टार मागायला आला. मी विचारलं, तिसऱ्यात काय होतं रे? तर म्हणे, "बाई, त्यात तो ससा... नाही, ससा दुसऱ्यातला." आणि ह्याच वर्गात एक मुलगी साडेतीनशे पानांची कादंबरी घेऊन बसलेली, रोज थोडी थोडी वाचायची, मध्येच एकटीच खुदकन हसायची, आणि तक्त्यावर ती खालून दुसरी. एक दिवस हळूच येऊन विचारते, "बाई, मी पण बारीक पुस्तकं घेऊ का आता?"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तो तक्ता काढला. चूक पोरांची नव्हतीच. मी आकडा मागितला, त्यांनी आकडा दिला. आपणसुद्धा ऑफिसात हेच करतो, टार्गेट आलं की पाट्या टाकतो.

बक्षिसांबद्दल नंतर थोडं वाचलं तेव्हा तर अजूनच हसू आलं स्वतःचं. १९७३ सालचा एक प्रयोग आहे, मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट ह्या तिघांचा. ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी बालवाडीतली मुलं घेतली, एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी स्टारवालं सर्टिफिकेट मिळेल, दुसऱ्या गटाला काही न सांगता नंतर अचानक दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतंय ते पाहिलं तर आधी कबूल केलेल्या बक्षिसासाठी काढणारी मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांना देत होती. ज्यांना अचानक मिळालं त्यांचं मात्र काही बिघडलं नाही. सोनेरी स्टार! मी तर चमकीचे आणले होते, तेही पाकीटभर. आता ह्याचा अर्थ बक्षीस म्हणजे विषच असा नाही, जे मूल पुस्तकाला हातच लावत नाही त्याला सुरुवातीला थोडा धक्का लागतो, पण जी मुलगी आपणहून खुदकन हसतेय तिला स्टारचं आमिष दाखवून मी काय मिळवणार होते?

असो. दुसऱ्या वर्षी तक्ता बदलला. ह्यावेळी पुस्तकं मोजायचीच नाहीत, प्रकार मोजायचे असं ठरवलं. ही कल्पना सुचली ती लायब्ररीच्या इश्यू रजिस्टरवरून. आमच्याकडे पुस्तकांच्या पाठीवर ड्युईचे नंबर आहेत, म्हणजे ती १८७६ मध्ये आलेली दशांश पद्धत, सगळं ज्ञान दहा भागांत वाटलेलं, ५०० ला विज्ञान, ७०० ला कला आणि खेळ, ८०० ला साहित्य, ९०० ला इतिहास-भूगोल वगैरे. सहज म्हणून माझ्या वर्गाची पानं चाळली तर खालपासून वरपर्यंत आठशे, आठशे, आठशे. त्यातही गोष्टी आणि गोष्टीच. कविता नाही, नाटक तर नाहीच नाही. बाकीचे नऊ भाग धूळ खात उभे. पोरं वाचत नव्हती असं नाही, एकाच खोलीत बसून होती, बाकी घर बघितलंच नव्हतं कुणी.

मग प्रत्येकाला एक कागद दिला, चार गुणिले चार, सोळा चौकोन. एका चौकोनात कविता, एकात चरित्र, एकात प्रवासवर्णन, एकात विज्ञान, दुसऱ्या भाषेतून मराठीत आलेलं काहीतरी, तुझ्या आईबाबांच्या जन्माआधीचं पुस्तक, कॉमिक (हो, कॉमिक धरायचं, ह्यावर स्टाफरूममध्ये दोन दिवस वाद झालाय), मासिकाचा एक पूर्ण अंक, दोन मित्रांबरोबर मोठ्याने वाचलेलं नाटक, लहान मुलाला वाचून दाखवलेलं पुस्तक, ऐकलेलं पुस्तक, म्हणजे ऑडिओ किंवा कुणीतरी वाचून दाखवलेलं, एखाद्या वस्तूचं माहितीपुस्तक, आणि असे बाकीचे. एक चौकोन मोकळा, त्यात काय टाकायचं ते तुझं तू ठरव.

आणि एक चौकोन 'अर्धवट सोडलेलं पुस्तक'.

हा चौकोन मी घातला तेव्हा वर्ग दोन सेकंद गप्प झाला. मग एकाने हात वर केला, "बाई, म्हणजे सोडलं तरी चालेल?" अरे चालेल काय, सोडायचंच आहे, फक्त कुठल्या पानावर सोडलं आणि का सोडलं तेवढं सांगायचं. आपण मोठी माणसं कितीतरी पुस्तकं चाळीस पानांवर उलटी घालून ठेवतो आणि विसरतो, आणि मुलांना मात्र सांगतो की हातात घेतलंस तर संपव. ताटातलं टाकू नको तसं. ह्या एका चौकोनाने जेवढी गंमत केली तेवढी बाकीच्या पंधरांनी मिळून केली नसेल. एका मुलाने तो सात वेळा भरला, कागदाच्या मागे ओळी आखून. कारणं वाचण्यासारखी होती. 'पहिल्या पानावर सगळ्यांची नावं सांगून टाकली, माझ्या लक्षात राहिली नाहीत.' 'मुलगा फारच चांगला आहे, कंटाळा येतो.' 'लेखक मधेमधे थांबून उपदेश करतो.' आता मला सांगा, हे परीक्षण नाही तर काय आहे? हेच मी 'पुस्तकाचा सारांश लिहा, वीस ओळी' म्हणून मागितलं असतं तर मागच्या कव्हरवरचा मजकूर उतरून आला असता.

सारांशाचं ते एक पहिल्याच वर्षी कळलं होतं. वाचलं हे सिद्ध करायला काही लिहायला लावलं की पुस्तकाचा गृहपाठ होतो. म्हणून आता लिहिणं एवढंच, एक कार्ड, त्यावर दोन-तीन वाक्यं, आणि ते कार्ड मागच्या कव्हरच्या आत चिकटवायचं म्हणजे पुढच्याला दिसेल. 'पहिली वीस पानं सोसा, नंतर मजा आहे.' 'रात्री एकट्याने वाचू नका.' 'कुत्रा मरत नाही, घाबरू नका.' हे शेवटचं कार्ड लागल्यावर ते पुस्तक पुढे महिनाभर पेटीत परत आलंच नाही, हातोहात फिरत राहिलं. मी त्या पुस्तकाची वर्गात उभं राहून दोनदा तारीफ केली होती, काही उपयोग झाला नव्हता.

एस. आर. रंगनाथन, मुळात गणिताचे प्राध्यापक आणि मग ग्रंथपाल, त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले त्यात दोन असे आहेत की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. डीएडला हे पाठ केलं होतं, मार्कांपुरतं. त्या कुत्र्याच्या कार्डापाशी ते डोक्यात शिरलं. आणि पहिला नियम तर अगदीच साधा, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. मध्ययुगात युरोपात पुस्तकं साखळीने कपाटाला बांधून ठेवायचे, आपण साखळी काढली आणि कुलूप लावलं. चावी ज्यांच्याकडे ते रजेवर. फाटतील, हरवतील ही भीती मलापण वाटते, खोटं कशाला बोलू, पण गेल्या वर्षात पेटीतली चार पुस्तकं हरवली आणि दोन फाटली, आणि फाटलेली दोन्ही वाचून वाचून फाटलीत. मला चालतंय.

आता त्या मुलाबद्दल सांगायलाच हवं ज्याच्यामुळे माहितीपुस्तकाचा चौकोन आला. वाचनात कच्चा, मोठ्याने वाचायला उभं केलं की कान लाल, दर ओळीला अडखळणार. पण मोटारसायकलीवर जीव. त्याने बाईकचं मॅन्युअल आणलं, इंजिन ऑइल कधी बदलायचं, चेन किती सैल असावी, आणि ते त्याने वर्गाला समजावून सांगितलं, न अडखळता. वर्गातल्या हुशार मुलांना त्यातलं अर्धं कळत नव्हतं आणि तो त्यांच्याकडे, आपण गणितात ढ असलेल्याकडे बघतो ना, तसं बघत होता.

ह्यावरचा प्रयोगही आहे आणि तो मला फार आवडतो. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली ह्यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. काही चांगले वाचक, काही कच्चे, काहींना बेसबॉल कळतो, काहींना नाही. मग लाकडी खेळाडू वापरून काय घडलं ते मैदानाच्या मॉडेलवर करून दाखवायला लावलं. बेसबॉल कळणारी कच्ची मुलं, बेसबॉल न कळणाऱ्या चांगल्या वाचकांपेक्षा कितीतरी पुढे गेली. मला तर हे वाचून लख्ख दिसलं, कारण क्रिकेट न कळणाऱ्या माणसाला मॅचची बातमी वाचायला दिली की त्याचंही असंच होतं, शब्द सगळे ओळखीचे आणि अर्थ शून्य. म्हणजे 'वाचता येणं' ही काही सगळीकडे चालणारी एकच किल्ली नाही, विषयाची थोडी ओळख लागतेच, आणि ती ओळख नुसत्या परीकथांतून कशी होणार? आज ज्याने ज्वालामुखीवरची पंचवीस पानं वाचलीत त्याला दोन वर्षांनी भूगोलाचा धडा सोपा जाणार. प्रकार मोजायचे ह्याचं माझ्याकडे हेच खरं कारण आहे, बाकी 'वाचाल तर वाचाल' भिंतीवर लिहून कुणी वाचलेलं मी तरी पाहिलं नाही.

वेळेचं थोडक्यात सांगते कारण पालक हाच प्रश्न विचारतात. घरी वाचा म्हटलं की ज्यांच्या घरी आधीच पुस्तकं आहेत तीच मुलं वाचतात. म्हणून रोज १५ मिनिटं वर्गात, हजेरी झाल्या झाल्या. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ७५ मिनिटं, सत्राचे वीस आठवडे म्हणजे पंचवीस तास. पंचवीस तास एवढे कुठून आणले असं मुख्याध्यापकांनी विचारलं, मी म्हटलं सर, सूचना वाचण्यात आणि 'गप्प बसा' म्हणण्यात जायचे ते. हसले, पण परवानगी दिली.

सगळं जमलं असं मुळीच नाही. पाच-सहा जणांचे कागद अजूनही अर्धे कोरे आहेत, कवितेचा चौकोन बहुतेकांनी सगळ्यात छोटी कविता शोधून उरकलाय, आणि एका आईने सोळाच्या सोळा चौकोन एका रविवारी बसून मुलीकडून 'करून घेतले', अक्षर आईचंच होतं. त्या मुलीला मी नवीन कोरा कागद दिला आणि म्हटलं हा घरी न्यायचा नाही. ती इतकी खूश झाली की मलाच कसंतरी वाटलं.

आणि हो, माझापण कागद आहे. तोही भिंतीवर लागलाय, पोरांचीच अट होती. मी मराठीची शिक्षिका, मला वाटलं होतं माझे सोळा तर चुटकीसरशी होतील, आणि विज्ञानाच्या चौकोनावर मी तीन महिने अडकले. शेवटी एका मुलाने कीटकांवरचं एक पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं, वर कार्ड, 'बाई, तुमच्यासाठी सोपं आहे.' झालं एकदाचं वाचून. मुंग्यांबद्दल आता मी अधिकारवाणीने बोलू शकते, कुणी विचारत नाही ती गोष्ट वेगळी.

आता एकच चौकोन राहिलाय, नाटकाचा. सत्र संपायला बारा दिवस आहेत. दोघीजणी माझ्याबरोबर वाचायला तयार झाल्यात, नाटक त्यांनीच निवडलं, पात्रंपण त्यांनीच वाटून घेतली. मला भुताचं काम दिलंय. अख्ख्या नाटकात त्याला चार वाक्यं आहेत आणि बाकी सगळं 'हूऽऽऽ' आहे, आणि काल मधल्या सुट्टीत प्रॅक्टिस झाली तेव्हा माझं 'हूऽऽऽ' त्यांना पटलं नाही, उद्या पुन्हा बोलावलंय.